नववीचा पट कुठे गेला?

आज सकाळी चौकात फ्लेक्स लागलाय. ‘सलग पाचव्या वर्षी दहावीचा निकाल १०० टक्के.’ मुख्याध्यापकांचा फोटो, त्याच्या दुप्पट संस्थाचालकांचा, आणि कडेला पासपोर्ट साइजमध्ये पोरं. छान. अभिनंदन. आता नववीचा पट सांगा.

याच शाळेतून मागच्या जूनमध्ये नववीतल्या एका मुलीच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला दिला गेला. ‘अभ्यासातील प्रगती’समोर लिहिलंय ‘समाधानकारक’. ‘वर्तणूक’ चांगली. ‘शाळा सोडण्याचे कारण’ काय, तर ‘पालकांच्या विनंतीवरून’. विनंतीचा अर्ज क्लार्कच्या सुवाच्य अक्षरात आणि खाली बापाचा अंगठा. अंगठा लावणाऱ्या माणसाने अर्ज घरून लिहून आणला होता, असं आपण समजायचं.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निकालाचा टक्का परीक्षेला बसलेल्यांवर निघतो, शाळेत शिकलेल्यांवर नाही. समजा नववीत ६० पोरं आहेत. त्यातल्या १५ जणांचं गणित, इंग्रजी कच्चं. सुटीत त्यांच्या पालकांना बोलवायचं, ‘याला झेपणार नाही, सतरा नंबर भरा’ म्हणायचं. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून बसणं. पोर मंडळाच्या हिशोबात ‘खासगी’ होतं आणि त्याचा निकाल वेगळ्या रकान्यात जातो. रिपीटरांचाही वेगळा. शाळेच्या नावावर उरले ४५, पास झाले ४५. लावा फ्लेक्स.

काही शाळा खरोखर राबून शंभर टक्के आणतात. आणतात, मान्य. त्यांनी मग नववीचा पटही छापावा, त्यांचं काय जातंय?

बरं, पास होण्याचंही बघा. शंभरपैकी २० गुण शाळेच्या हातात. त्यातले १८ घातले की पस्तीस गाठायला लेखीत ८० पैकी १७ पुरतात. २०१९ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले होते, आठवतंय ना? राज्याचा निकाल ८९.४१ वरून धाडकन ७७.१० वर आला. बोंबाबोंब झाली, गुण परत दिले, २०२०ला निकाल ९५.३०. अभ्यासक्रम नवा होता हेही एक कारण, ठीक आहे. पण अख्ख्या राज्याची पोरं एका वर्षात ढ होऊन पुढच्या वर्षी हुशार झाली, असं कोणी मला सांगू नये.

आणि दाखला नेमका कोणाच्या हातात पडतो? डॉक्टरच्या पोराच्या पडलेला बघितलाय कोणी? ते गणितात कच्चं असेल तर त्याला क्लास लागतो. शिक्षणहक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत आणि आठवीपर्यंत. शाळेतला आहार आठवीपर्यंत, फुकट पुस्तकंही आठवीपर्यंत. म्हणजे नववीत पाऊल टाकताना घरावरचा खर्च वाढतो, आणि त्याच वर्षी शाळेला निकालाची धास्ती लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पोरगी दिवाळीनंतर आईबापाबरोबर फडावर जाते, धाकट्याला सांभाळते, उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. मधला चार-पाच महिन्यांचा अभ्यास कोण भरून काढणार? परीक्षेला बसायला हजेरी ७५ टक्के लागते. शाळेला हुसकायचंच असेल तर कारण तयारच.

यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, प्रत्येक पोराची माहिती भरावी लागते. प्रवर्ग, मातृभाषा, दिव्यांगत्व, दारिद्र्यरेषा. त्यातला मातृभाषेचा रकाना बघा कधी. घरात पावरा आदिवासींची पावरी नाहीतर बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणाऱ्या पोराच्या नावापुढे बिनधास्त ‘मराठी’ ठोकलेलं असतं, कारण एक-एक विचारत बसायला वेळ कोणाला आहे! मग त्याला मराठीच्या पेपरात ३६ पडले की ‘लक्षच नाही याचं’. अरे, त्याची ती दुसरी भाषा आहे, इंग्रजी तिसरी.

शिक्षकांवर राग काढायचा नाहीये, इतकं तिखट लिहून झाल्यावर हे सांगतोय. मतदारयादी त्यांनी करायची, पोर्टल त्यांनी भरायचं, आधार जुळलं नाही तर पोर संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात ती) धरत नाहीत म्हणून घरोघर त्यांनीच फिरायचं. पट घटला की पद जातं, निकाल घटला की नोटीस येते. पट टिकवायचा म्हणून पोरं दाखल करून घ्यायची आणि निकाल टिकवायचा म्हणून तीच काढायची. हे गणित कोणत्याही मास्तराला सुटणारं नाही. पण तरीही. ‘प्रगती समाधानकारक’ लिहिताना पेन अडखळायला हवं होतं राव.

पेपरवालेही कमी नाहीत. दरवर्षी ‘कोकण अव्वल’. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन जिल्ह्यांचं मंडळ ते. त्याच्या शेजारी ऊसतोड मजुरांच्या बीडसकट मराठवाड्यातले पाच जिल्हे असलेलं छत्रपती संभाजीनगर मंडळ मांडायचं आणि शर्यत लावायची. कोकणातली पोरं अभ्यास करतात, वाद नाही. पण फडावरून परतलेलं पोर आणि वर्षभर एकाच बाकावर बसलेलं पोर यांची धाव एका रेषेवरून कशी सुरू करता?

तुमच्या गावात फ्लेक्स लागला असेल तर शाळा व्यवस्थापनाला तीन आकडे मागा. याच बॅचचा नववीच्या ३० सप्टेंबरचा पट, दहावीला बोर्डाकडे नोंदवलेले आणि प्रत्यक्ष बसलेले. पहिल्या दोन आकड्यांत पाच-सहाचा फरक असेल तर बदली, स्थलांतर म्हणता येईल. पंधराचा असेल तर दाखल्यांची स्थळप्रत काढायला सांगा आणि कारणाचा रकाना वाचा. एकाच महिन्यात, एकाच अक्षरात ‘विनंती’ दिसली की बाकी विचारायची गरज नाही.

त्या मुलीने सतरा नंबर भरला होता. शिकवायला कोणी नाही, जुनी पुस्तकं मागून आणलेली. सहापैकी पाच विषय निघाले, इंग्रजी राहिलं. गणितात ४१. गणितात कच्ची म्हणूनच तर काढली होती तिला. आता पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचाय. तिचं संपर्क केंद्र, म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांचं काम बघणारी शाळा, तीच, त्यामुळे उद्या तिला फ्लेक्सखालूनच आत जावं लागेल, त्याच क्लार्ककडे.