‘दहा कोटींचा गल्ला, निर्मात्याला आठ कोटी’: एका फिरत्या सल्ल्याची उलटतपासणी

मराठी चित्रपटात पैसे घालू पाहणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक सल्ला फिरत असतो. कधी तो ‘एका यशस्वी निर्मात्या’च्या तोंडी असतो, कधी ‘इंडस्ट्रीतल्या जाणकारा’च्या, नाव कुणाचंच नसतं. त्याचा सारांश असा: दहा कोटींचा गल्ला झाला की कर वजा जाता आठ कोटी निर्मात्याच्या खिशात पडतात. तेवढं जमलं नाही तरी अनुदान आणि ओटीटी मिळून खर्च निघतोच. थिएटरात प्राइम टाइम तर कायद्यानेच मिळतो. पहिले तीन दिवस स्वतःच तिकिटं आणि परीक्षणांतले स्टार विकत घेऊन हवा करावी. कथा-गाण्यांसाठी कागदपत्रांचा घोळ घालू नये, हा धंदा शब्दावर चालतो. आणि सेटवर नियम दाखवणाऱ्याला पुन्हा बोलावू नये.

पहिला मुद्दा चुकला की पुढचे त्याच्यामागोमाग घसरतात, म्हणून तिथे जरा जास्त थांबू.

‘दहा कोटींतले आठ कोटी निर्मात्याचे’

गल्ला म्हणजे प्रेक्षकाने खिडकीवर दिलेला पैसा. त्यातून आधी जीएसटी जातो: २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के. सगळी तिकिटं १०० च्या वरची धरली, तर १० कोटींच्या गल्ल्यातून सुमारे १ कोटी ५३ लाख करात जातात आणि ८ कोटी ४७ लाख उरतात. इथून पुढचं ‘नेट’. सल्ला लिहिणारा इथेच थांबला. हे ८ कोटी ४७ लाख निर्मात्याचे नसतात; ते थिएटर आणि वितरक यांच्यात वाटायचे असतात.

वाटणीची शिडी २००९ सालची आहे. त्या वर्षी हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातला संप सुमारे दोन महिने चालला आणि तो मिटताना वितरकाचा हिस्सा ठरला: पहिल्या आठवड्यात नेटचे ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३०. मराठीचे सौदे चित्रपटागणिक बदलतात आणि एकपडदा थिएटरांत टक्केवारीऐवजी ठरावीक भाडंही असतं, पण अंदाजासाठी हीच शिडी धरू. समजा, १० कोटींपैकी ६ कोटी पहिल्या आठवड्यात आले, अडीच दुसऱ्यात, एक तिसऱ्यात आणि उरलेले ५० लाख चौथ्यात. कर वजा करून प्रत्येक आठवड्याला त्याची टक्केवारी लावली, तर वितरकाच्या हाती अनुक्रमे २ कोटी ५४ लाख, ९० लाख, ३२ लाख आणि १३ लाख येतात. एकूण ३ कोटी ८९ लाख. यालाच धंद्यात ‘शेअर’ म्हणतात.

त्यातून वितरकाचं कमिशन जातं. ते १० टक्के धरलं तर ३९ लाख गेले, साडेतीन कोटी उरले. मग प्रसिद्धीचा खर्च आणि डिजिटल प्रोजेक्शनसाठी प्रत्येक पडद्यामागे द्यावं लागणारं शुल्क. हा पैसा बहुतेक वेळा वितरकाने आधी लावलेला असतो, त्यामुळे तोच तो आधी वसूल करतो. सव्वा कोटी धरू. निर्मात्यापर्यंत पोचले २ कोटी २५ लाख. चित्रपट अडीच कोटींत बनला असेल, तर दहा कोटींच्या ‘हिट’ चित्रपटात २५ लाखांची तूट आली. खर्चातले एक कोटी महिना २ टक्क्यांनी उचललेले असतील आणि पैसे यायला दीड वर्ष लागलं असेल, तर व्याजाचे ३६ लाख वेगळे.

सल्ल्यात ‘सैराट’चा दाखला हमखास असतो. तो १०० कोटींचा गल्ला ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट, यात वाद नाही. पण तो २०१६ चा. तेव्हा महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता, म्हणजे राज्यातला गल्ला आणि नेट जवळपास एकच. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि ती सवलत गेली. तेव्हाचा गल्ला आजच्या गल्ल्याशेजारी ठेवून नफा काढणं हीच मुळात चुकीची वजाबाकी आहे.

गुंतवणूकदाराशी करार करताना ‘नफ्यात ३० टक्के’ एवढंच लिहिलेलं असतं आणि भांडण तिथेच पेरलं जातं. नफा कशाला म्हणायचं ते क्रमाने लिहावं: शेअर, त्यातून वितरकाचं कमिशन, प्रसिद्धी आणि प्रोजेक्शन, मग व्याज, मग मुद्दल, मग उरलेल्याची वाटणी. निर्मात्याची स्वतःची फी खर्चात धरली आहे की नाही, तेही लिहावं. बहुतेक तंटे या एकाच ओळीवरून होतात.

‘प्राइम टाइम तर कायद्यानेच मिळतो’

एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने संध्याकाळी ६ ते ९ मध्ये मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती जाहीर केली आणि गदारोळानंतर ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. दुपारी १२ चा शो लावला तरी अट पुरी. शिवाय ही जागा मराठी चित्रपटासाठी आहे, तुमच्या चित्रपटासाठी नाही. एकाच शुक्रवारी चार मराठी चित्रपट लागले तर चौघे मिळून तीच जागा खातात.

‘अनुदान आणि ओटीटी मिळून खर्च निघतोच’

राज्य सरकारच्या अनुदानात ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख हे आकडे अनेक वर्षं सगळ्यांच्या तोंडी आहेत. त्यातलं ‘दर्जा’ हे पद वाचताना लोक सरळ पुढे जातात. चित्रपट पूर्ण होऊन सेन्सॉर प्रमाणपत्र मिळाल्यावर समिती तो पाहते आणि गुण देते. गुण कमी पडले तर काहीच मिळत नाही. म्हणजे अनुदान हे चित्रीकरणाचं भांडवल नाही. बजेटमध्ये ते जमेच्या बाजूला लिहून त्यावर कर्ज उचलणं म्हणजे निकाल लागायच्या आधी पेढे वाटणं. योजनेच्या अटी बदलत असतात, त्यामुळे चालू शासन निर्णय वाचल्याशिवाय कुणाच्याही तोंडचा आकडा कागदावर घेऊ नये.

ओटीटीचं गणित आणखी सैल आहे. काही मंच ठरावीक रक्कम देतात, काही फक्त पाहिल्या गेलेल्या तासांप्रमाणे. ठरावीक रक्कमही टप्प्यांत येते: सहीवेळी काही, साहित्य पोचल्यावर काही, तांत्रिक तपासणी पार पडल्यावर उरलेली. चित्रपट इथेच अडकतात. मंचाला लागतं ते असं: मूळ मास्टर, ५.१ आवाज, संवाद वगळून फक्त संगीत आणि परिणामध्वनी असलेला एम अँड ई ट्रॅक, उपशीर्षकं, सेन्सॉर प्रमाणपत्र, कोणतं गाणं किती सेकंद वाजतं याची क्यू-शीट आणि कथेपासून चित्रपटापर्यंतच्या हक्कांची अखंड कागदसाखळी. एम अँड ई बहुतेक वेळा मिक्सिंगच्या वेळीच बनवून ठेवलेला नसतो. सहा महिन्यांनी तो करायला जावं, तर स्टुडिओचं जुनं बिल थकलेलं असतं आणि ते चुकतं होईपर्यंत मास्टर हलत नाही. मिक्सिंगच्या करारातच एम अँड ई आणि मास्टरच्या दोन प्रती, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, असं लिहून घ्यावं.

उपग्रह हक्कांचं, म्हणजे टीव्ही वाहिनीला विकायच्या हक्कांचं, एक विसरलं जातं: ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट टीव्हीवर दाखवता येत नाही. पटकथेतल्या दोन दृश्यांसाठी ‘ए’ घ्यायचं की नाही, हा निर्णय पैशांचाही आहे.

‘स्वतः तिकिटं घ्या, स्टार विकत घ्या’

सल्ल्यातला सगळ्यात महाग सल्ला हाच. २०० रुपयांचं तिकीट निर्मात्याने स्वतः घेतलं, तर ३०.५१ रुपये कर, उरलेल्या १६९.४९ मधले निम्मे थिएटरचे. ८४.७५ मधून वितरकाचे १० टक्के गेले की ७६ रुपये परत येतात. प्रत्येक तिकिटामागे १२४ रुपये गेले; ऑनलाइन बुकिंगची फी वेगळी. ५,००० तिकिटं म्हणजे १० लाख घालून ३ लाख ८१ हजार परत.

बरं, यातून शो तरी वाढतात का? सोमवारच्या आकड्यांवर पुढच्या शुक्रवारचे शो ठरतात, हे खरं. पण थिएटरचा मॅनेजर फक्त भरलेल्या खुर्च्यांचा तक्ता बघत नाही. पॉपकॉर्न आणि समोशाचा काउंटर त्याच्या कमाईचा मोठा भाग असतो. पडद्यावर ‘हाउसफुल’ आणि काउंटरवर चिटपाखरू नाही, हे पहिल्या मध्यंतरातच त्याच्या लक्षात येतं. सोमवारी तो शो उतरवतो.

पैसे देऊन लिहून घेतलेल्या परीक्षणांचं म्हणाल, तर जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच इन्फ्लुएन्सरनी मोबदला घेतलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असं ठळक लिहावं असे नियम केले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. चित्रपटाची प्रसिद्धी याला अपवाद नाही. पैसे देऊन प्रसिद्धी करायला हरकत कुणाचीच नाही. ती जाहिरात म्हणून करा. एक गोष्ट मात्र सल्ल्यात बरोबर आहे: प्रसिद्धीचा मोठा भाग शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवावा. वर्षभर आधी टीझर टाकून पैसे संपवणारे निर्माते प्रदर्शनाच्या आठवड्यात पोस्टर छापायला उसनवारी करतात.

‘हा धंदा शब्दावर चालतो’

कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १९ सांगतं की हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच हवं. शब्दाला तिथे किंमत नाही. त्याहून जास्त घात करतो तो अर्धवट कागद. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर ‘कथेचे सर्व हक्क दिले’ असं लिहून घेतलं आणि मुदत लिहिली नाही, तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही, तर हक्क भारतापुरते. आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर वर्षभरात वापर न केल्यास ते हस्तांतरण संपल्यासारखं धरलं जातं. मराठी चित्रपटाला कथा घेतल्यापासून पडद्यावर यायला तीन-चार वर्षं सहज लागतात. दुबई किंवा न्यू जर्सीतल्या प्रदर्शनाची बोलणी सुरू होतात तेव्हा हक्क भारताबाहेरचे नाहीतच, असं कळतं. म्हणून चार गोष्टी शब्दांत लिहाव्या: कोणते हक्क, किती काळ, जगात कुठे आणि एका वर्षात वापर नाही झाला तरी करार टिकेल. कादंबरी असेल आणि लेखक हयात नसेल, तर वारसांपैकी एकाची सही पुरत नाही; सगळ्यांची, किंवा सगळ्यांनी मुखत्यारपत्र दिलेल्या एकाची हवी. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हे हक्क वारसांकडे असतात.

गाण्यांबाबतही तसंच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला लिहून घेता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजलं तर प्रश्न नाही. इतरत्र वापरलं तर त्यांचा वाटा आहेच. ‘एकरकमी दिले, विषय संपला’ हे कलम करारात घातलं तरी ते टिकत नाही.

नावाबद्दल उलट गैरसमज आहे. मराठी चित्रपट महामंडळाकडे किंवा निर्मात्यांच्या संघटनेकडे शीर्षक नोंदवलं की ते ‘आपलं’ झालं, असं मानतात. ती नोंदणी सभासदांमधली शिस्त आहे. शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तसंच कल्पनेवरही नसतो, हे १९७८ पासून. हक्क असतो तो मांडणीवर. म्हणून कथा ऐकवण्याआधी तारखेसह लिहून ती लेखक संघटनेकडे नोंदवावी.

शब्दावर दिलेली रोख रक्कमही कागदाइतकीच नडते. २० हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेता येत नाही. एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिलेला खर्च आयकरात धरला जात नाही.

‘नियम दाखवणाऱ्याला पुन्हा बोलावू नका’

दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हा २०१३ चा कायदा. युनिटमध्ये सहज ७०-८० माणसं असतात. चित्रपटाच्या प्रत्येक निर्मितीला हे लागू आहे, असं केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. समितीची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतली. तक्रार तीन महिन्यांत करायची असते आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. समिती नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. समितीतली नावं आणि फोन नंबर कॉलशीटच्या, म्हणजे त्या दिवसाच्या चित्रीकरणाच्या वेळापत्रकाच्या, तळाशी छापले की निम्मं काम झालं. चित्रीकरण ४० दिवसांत संपतं, तक्रार नंतर येते. म्हणून समिती डबिंग संपेपर्यंत तरी ठेवावी.

बालकलाकार असेल तर आणखी काटेकोर. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांवर विश्रांतीशिवाय नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो आणि दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती सेटवर हवी. चुकतं ते वेळापत्रकात. मुलाला सकाळी सातला बोलावतात आणि मेकअप, नाश्ता, लाइटिंगमध्ये तीन तास घालवून त्याचा पहिला शॉट दहाला घेतात. त्याला साडेनऊला बोलवावं, त्याचे शॉट सलग लावावेत, समोरच्या नटाचे क्लोजअप मूल सुटल्यावर घ्यावेत. कॉलशीटवर मुलाच्या येण्या-सुटण्याची वेळ वेगळ्या रकान्यात लिहून रोज पालकाची सही घ्यावी.