'हौस' या शब्दाबद्दल: सडेतोड यांना उत्तर

सडेतोड (खरं नाव लिहिलं असतंत तर बरं झालं असतं, पण असो),

तुमची प्रतिक्रिया सोमवारी रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा लिहिलं असतं तर ते छापण्यासारखं झालं नसतं. नवरा म्हणाला, सोडून दे. तीन दिवस सोडून बघितलं. सुटलं नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी इंग्लंडमध्ये मिडलँड्समधल्या एका छोट्या गावात राहते. इथल्या मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा एक पंथ) चर्चच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी फूड बँक भरते, म्हणजे लोकांनी दिलेलं अन्नसामान गरजूंना मोफत देतात, तिथे मी गेली 9 वर्षं काम करते. त्यावर लिहिलं होतं. सडेतोड यांचं म्हणणं असं: एक, चर्च फुकट काही देत नाही, आज बीन्सचा डबा, उद्या बायबल. दोन, जमेल तितकं भलं करा अशा अर्थाचं जे वाक्य मी मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या नावावर दिलं, ते त्याचं नाहीच. तीन, फूड बँका म्हणजे सरकारच्या नाकर्तेपणावरचं पांघरूण, आणि आमच्यासारखे स्वयंसेवक ते फुकटात शिवून देतात. आणि चार, हे जसंच्या तसं: "ताई, राग मानू नका, पण परदेशात बसून गोऱ्या गरिबांची सेवा करायची हौस भागवून घेणाऱ्या बायका पाहिल्या की गंमत वाटते."

आधी जे मान्य आहे ते मान्य करते. वेस्लीचं वाक्य. तुमचं बरोबर आहे. मी शोधलं, त्याच्या लिखाणात ते कुठेही सापडत नाही, नंतर कुणीतरी त्याच्या नावावर खपवलेलं आहे. आमच्या हॉलच्या भिंतीवर ते फ्रेम करून लावलंय, खाली वेस्लीचं नाव आहे, म्हणून मी डोळे झाकून उचललं. चूक झाली. बघा, मी चूक मान्य करू शकते. हे जमतं माणसांना.

आता "राग मानू नका". हे तीन शब्द कशासाठी असतात हो? आमच्याकडे एक लांबचे मामा होते, ते लग्नात मुलीच्या आईला म्हणायचे, "वहिनी, राग मानू नका, पण जिलबी कच्ची आहे." जिलबी कच्ची असेलही. पण ते वाक्य जिलबीबद्दल नसायचंच. तुमचंही फूड बँकेबद्दल नाही. फूड बँकेबद्दल बोलायचं असतं तर "बायका" कशाला लागल्या असत्या? आमच्याकडे शुक्रवारी क्रेट उचलणाऱ्यांत तीन पुरुष आहेत, एक निवृत्त ट्रकचालक, एक गणिताचे मास्तर. त्यांची गंमत वाटली नाही तुम्हाला. लेखात त्यांचा उल्लेख होता, तिसऱ्या परिच्छेदात.

पण मला खरा लागला तो "हौस" हा शब्द. हौस म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मंगळागौरीला नऊवारी नेसून रात्रभर झिम्मा खेळायचा, ती हौस. उन्हाळ्यात गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या, ज्या बाजारात तयार मिळतात, ती हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि कंटाळा आला की हौस थांबवता येते.

माझा शुक्रवार सांगते, मग ठरवा. दवाखान्याच्या औषध दुकानात माझी चार दिवसांची नोकरी आहे, शुक्रवार सुट्टी. साडेनऊला हॉलचं कुलूप निघतं. आठवड्याभरात सुपरमार्केटच्या दारातल्या टोपलीत लोकांनी टाकलेलं सगळं आधी वजन करून नोंदवायचं, मग प्रत्येक डब्यावरची तारीख शोधायची. ती कधी बुडाला असते, कधी झाकणाच्या कडेला, कधी इतकी पुसट की चष्मा कपाळावर ढकलून डबा नाकाशी धरावा लागतो. मग काळ्या मार्करने त्यावर साल मोठं लिहायचं आणि त्या सालाच्या क्रेटमध्ये ठेवायचा. लोक काय काय देतात! एकदा 2011 सालात संपलेली मोहरीची बाटली आली होती, आम्ही ती काही दिवस खिडकीत ठेवली होती, दर्शनाला. बीन्स आणि पास्ता नेहमी उरतो. टिकाऊ दूध, फळांचे डबे, कपडे धुण्याची पावडर नेहमी कमी पडते.

बारा ते दोन माणसं येतात. कुणीही उठून येत नाही. डॉक्टर, शाळा, सिटिझन्स अॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेचं कार्यालय अशा कुणीतरी व्हाउचर दिलेलं असावं लागतं, त्यावर घरात किती माणसं ते लिहिलेलं असतं, त्यावरून तीन दिवसांचं सामान भरायचं. पहिल्या वर्षी मी एका माणसाला दोन पिशव्या भरून दिल्या. त्याने त्यातून पास्ता, तांदूळ, बटाट्याची पावडर एक एक करून काढून टेबलावर नीट रांगेत लावलं आणि म्हणाला, हे नको, मीटरमध्ये पैसे नाहीत. इथे पुष्कळ घरांत वीज-गॅसचं मीटर आगाऊ पैसे भरून चालतं, पैसे संपले की चूल बंद. त्याला थंड खाता येईल असं हवं होतं. मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून पहिला प्रश्न तो: घरी शिजवायची सोय आहे का? नसेल तर दुसरी पिशवी, नुसत्या गरम पाण्यावर होणाऱ्या गोष्टींची, आणि किटलीही नसेल तर तिसरी. हे शिकायला मला एका माणसाला लाजवावं लागलं. हौसेत असं होत नाही.

आणि "गोऱ्या गरिबांची"! रंग मोजायला कधी आला होतात? विद्यार्थी येतात. वृद्धांच्या घरांत सेवेचं काम करायला व्हिसावर आलेली, मग कंपनीने तासच न दिलेली माणसं येतात, त्यात आपली असतात. मागच्या वर्षी मी दाराजवळच्या टेबलावर डबे मोजत होते. आकडे मी अजून मराठीतच मोजते. "सतरा, अठरा, एकोणीस" म्हणाले आणि रांगेतल्या एका पोराने झटकन मान वर केली. विशीतला असेल. माझ्याकडे बघितलं, जॅकेटची टोपी पुढे ओढली आणि रांगेतून निघून गेला. पार्सल न घेता. तो कुठला, मला माहीत नाही, तोंडातून एक शब्द काढला नाही त्याने. पण एकोणीस त्याला कळलं होतं. आता मी हॉलमध्ये इंग्रजीत मोजते, आणि चुकते.

तुम्ही विचाराल (नाही विचारणार, पण मी सांगते) की हिला याचं एवढं का. 2010 सालचा डिसेंबर. या देशात शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर होता तो. नवऱ्याचं कंत्राट नोव्हेंबरात संपलेलं. आमच्या व्हिसावर छापलेलं होतं, "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स", म्हणजे कर भरा, पण अडचणीत सरकारी भत्ता मागू नका. घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला आणि घरमालक फोन उचलेना. मुलगी दोन वर्षांची. मंगळवारी याच मेथडिस्ट हॉलमध्ये लहान मुलांचा खेळगट भरायचा, तासाला एक पौंड, चहा-बिस्किट धरून. मी सगळ्यांच्या आधी जायची आणि सगळ्यांच्या नंतर निघायची, कारण तिथे रेडिएटर चालू असायचे. तिसऱ्या मंगळवारी भांडी विसळणाऱ्या एक आजी म्हणाल्या, तू मुलीचा कोट नेहमी सगळ्यात शेवटी का काढतेस? घरी गार आहे का? मी नाही म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांचे यजमान तेलाचा हीटर गाडीत घालून दारात उभे. पत्ता कुठून काढला, देव जाणे. मार्चमध्ये आजींनी तो हीटर परत मागितला, बहीण राहायला येणार होती म्हणून. मी पुसून-बिसून नेऊन दिला. त्यांनी मला ना चर्चला ये म्हटलं, ना बायबल दिलं. मी त्यांच्याकडून काय शिकले असेन तर इतकंच, की माणसाचा कोट बघायचा.

ही गोष्ट मी माझ्या आईलासुद्धा सांगितलेली नाही. आता ती इथे वाचेल. त्याचं श्रेय तुमचं.

बायबलवरून आठवलं. माझ्या आजीच्या पोटातली गाठ मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात काढली. तासगावकडून बैलगाडी, मग रेल्वे. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली उभं केलेलं हे हॉस्पिटल प्रेसबिटेरियन मिशनचं, मेथडिस्ट नव्हे, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगते. सकाळी नर्स वॉर्डात प्रार्थना म्हणायची, आजी खाटेवर हरिपाठ म्हणायची, आणि दोघींचं एकाच वेळी आटपायचं. आजी पुढे बत्तीस वर्षं जगली आणि माळ गळ्यातून काढली नाही. तुमच्या हिशेबात हा सौदा मिशनला फारच तोट्यात गेला.

आमच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात प्रार्थनेची पेटी आहे, हे खरं. ज्याला वाटेल तो चिठ्ठी टाकतो. दोन वर्षांपूर्वी नाताळात कुणीतरी पिशव्यांमध्ये कॅरलच्या, म्हणजे नाताळच्या गाण्यांच्या, कार्यक्रमाची पत्रकं घातली होती, हेही खरं. मला आवडलं नव्हतं. बोलले का? नाही बोलले. पण ते मी लेखात लिहिलं नाही म्हणजे लपवलं, असं होत नाही. लेख दीड हजार शब्दांचा होता.

आणि ज्या वेस्लीला तुम्ही एका खोट्या वाक्यावरून निकालात काढलंत, त्याने 1746 साली लंडनमध्ये गरिबांसाठी मोफत दवाखाना काढला. जागा कुठली, तर तोफा ओतायचा जुना कारखाना, स्फोटात मोडकळीला आलेला, तोच डागडुजी करून घेतलेला. तिथूनच गरजूंना हातउसने पैसे द्यायची सोयही केली. 1785 सालच्या जानेवारीत, वय 81, तो लंडनच्या रस्त्यांत घोट्याएवढ्या वितळत्या बर्फातून दिवसचे दिवस दारोदार फिरला आणि गरिबांच्या कपड्यांसाठी 200 पौंड मागून आणले. डायरीत त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्यालाही हौसच असणार.

राहिला सरकारचा मुद्दा. युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे इथल्या भत्त्याचा, पहिला हप्ता हातात पडायला पाच आठवडे लागतात, ते पाच आठवडे माणसाने काय खायचं हे कुणी ठरवलेलं नाही, हे मला माहीत आहे. ट्रसेल या इथल्या मोठ्या संस्थेच्या फूड बँकांमधून 2008-09 साली सुमारे 26 हजार जणांना सामान गेलं आणि 2023-24 साली 31 लाखांच्या वर पार्सलं गेली, हेही माहीत आहे. हा मोठा विषय आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. पण शुक्रवारी बारा वाजता दारात उभ्या माणसाला मी काय धोरण वाचून दाखवू? पांघरूण म्हणालात. असेल पांघरूण. ज्याला थंडी वाजते त्याला ते काढून घेऊन दाखवा.

"गावाकडे गरीब नाहीत का," हेही तुम्ही जाता जाता टाकलंय. आहेत. मी तिथे कुणाला काय देते, याच्या पावत्या इथे चिकटवणार नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय, उत्तराची अपेक्षा नाही. मग कशाला लिहिलंत? आणि नाव "सडेतोड" ठेवून स्वतःचा फोटो न लावणं यात तोड कुठली, सडे कुठले, ते मला कळलेलं नाही. असो, रात्रीचे साडेअकरा वाजलेत, उद्या शुक्रवार आहे आणि या वेळी टिकाऊ दूध अजिबात आलेलं नाही, सकाळी ते बघावं लागेल.

वेस्लीचं वाक्य मूळ लेखातून काढलं आहे. भिंतीवरच्या फ्रेमचं काय करायचं, ते चर्चच्या स्टुअर्डना, म्हणजे कारभार बघणाऱ्यांना, विचारते. ती फ्रेम त्यांच्याच आईने विणून दिलेली आहे, त्यामुळे कसं विचारायचं हा प्रश्नच आहे.