'सीन' म्हणजे देखावा नव्हे, आणि होलोसीन संपलेलाही नाही

चाळीसगाव-पाचोऱ्याकडच्या गटांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: शास्त्रज्ञांनी होलोसीन युग (पृथ्वीच्या इतिहासाच्या कालगणनेतलं सध्याचं युग) संपल्याचं जाहीर केलंय, १९५० पासून अँथ्रोपोसीन म्हणजे माणसाच्या प्रभावाचं युग सुरू झालंय, 'होलो' म्हणजे पोकळ, 'अँथ्रोपो' म्हणजे माणूस, 'सीन' म्हणजे देखावा, आणि हेच आपलं कलियुग. मी भूगोल शिकवतो. बारावीच्या एका मुलाने हा मजकूर दाखवून विचारलं, "सर, मंग आते कोनतं युग चालू शे?" तो हेच पेपरात लिहून येईल अशी धास्ती वाटली, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात 'सीन'पासून, कारण ही चूक आपल्या लिपीत लपलेली आहे. देवनागरीत दोन्ही 'सीन' सारखेच दिसतात. इंग्रजीत मात्र देखाव्याच्या शब्दाची सुरुवात एस आणि सी अशा दोन अक्षरांनी होते, तर युगाच्या नावातल्या तुकड्याची नुसत्या सीने. हा तुकडा ग्रीक 'काइनोस'वरून आला. अर्थ 'नवा'. आपण सिनोझोइकला 'नवजीव महाकल्प' म्हणतो ना? त्यातला 'नव' आणि होलोसीनमधला 'सीन' एकाच मुळाचे. मराठी परिभाषा करणाऱ्यांनी तो अर्थ अचूक पकडला होता, आणि आपण तो विसरून देखावा शोधत बसलोय.

आता हे 'नवं' कशाच्या तुलनेत, ते बघा. १८३३ मध्ये भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने युरोपातले खडकांचे थर जुन्या-नव्या क्रमाने लावले ते शिंपल्यांवरून. थरातल्या शिंपल्यांच्या जातींपैकी आज जिवंत किती, हे त्याचं माप. जिथे जेमतेम साडेतीन टक्के, तो इओसीन, म्हणजे नव्याची पहाट. पाचव्या हिश्श्याहून कमी, तो मायोसीन, कमी नवा. त्याहून जास्त, तो प्लायोसीन. ग्रीक शब्द जुळवून दिले विल्यम व्हेवेल या इंग्रज विद्वानाने. पुढे १८३९ मध्ये लायेलनेच प्लाइस्टोसीन म्हणजे 'सर्वांत नवा' हे नाव दिलं. मग त्याच्याही नंतरच्या काळाला काय म्हणायचं? फ्रान्सच्या पॉल जेर्व्हेने १८६०च्या दशकात 'होलोसीन' सुचवलं. 'होलोस' म्हणजे संपूर्ण. संपूर्ण नवा! पोकळ हा अर्थ इंग्रजीतल्या 'हॉलो'वरून ओढून आणलाय. त्याचा इथे काहीही संबंध नाही. मला ही नावं फार आवडतात. प्रत्येक नावात मोजणी दडलेली आहे.

जाहीर केल्याचा दावा तर थेट खोटा. पॉल क्रुटझेन या नोबेलविजेत्या रसायनशास्त्रज्ञाने २००० साली अँथ्रोपोसीन हा शब्द चर्चेत आणला. युजीन स्टोर्मर हे शास्त्रज्ञ तो त्याआधीपासून वापरत होते. हे वेगळं युग मानावं का, हे तपासायला २००९ मध्ये अभ्यासगट नेमला गेला. २०२३ मध्ये त्या गटाने कॅनडातल्या क्रॉफर्ड सरोवराचा तळ या युगाच्या आरंभाचा नमुना म्हणून निवडला. अणुस्फोटांतलं प्लुटोनियम तिथल्या गाळाच्या वार्षिक थरांत उतरलेलं आहे. आरंभ म्हणून १९५२ हे साल सुचवलं गेलं. मार्च २०२४ मध्ये चतुर्थ कल्पाच्या (प्लाइस्टोसीन आणि होलोसीन मिळून होणाऱ्या काळाच्या) उपसमितीत या प्रस्तावावर मतदान झालं: बाजूने ४, विरोधात १२. भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हा नकार कायम केला. म्हणजे मजकुरात लिहिलंय त्याच्या नेमकं उलट घडलं.

नकारामागचा एक मोठा आक्षेप खानदेशात बसून चटकन समजतो. माणसाने जमीन बदलायला १९५२ मध्ये सुरुवात केली, असं तापीकाठी कोण म्हणेल? सावळद्याला सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली, आणि तिच्या नावाने सावळदा संस्कृती ओळखली जाते. नांगर जगात सगळीकडे एकाच तारखेला सुरू झाला नाही, कारखानाही नाही. एका रेघेने आरंभ ठरवणं अनेकांना पटलं नाही.

पण याचा अर्थ शब्द बाद झाला असाही नाही, आणि उलट बाजूने असं सांगणारेही चुकतात. नकार देताना त्या संघटनेनेच म्हटलं की माणसाच्या परिणामांचं वर्णन करायला हा शब्द वापरात राहील. हवामानावर लिहिणारे, इतिहासकार, कलावंत, सारे तो वापरतात. कालमापनाच्या तक्त्यात तो नाही, एवढंच.

कलियुगाचं काय? परंपरेने त्याची सुरुवात इसवी सनापूर्वी ३१०२ धरतात आणि लांबी ४,३२,००० वर्षं. यातलं काहीही १९५२ शी जुळत नाही. गोंधळाचं मूळ 'युग' या शब्दात आहे. पाषाणयुग, यंत्रयुग, कलियुग, सगळीकडे आपण तोच शब्द लावतो. भूशास्त्राच्या इंग्रजीत मात्र 'इपॉक' ही ठरलेली पायरी आहे: कल्पाच्या खाली, 'एज'च्या वर.

पाटणे आमच्याच चाळीसगाव तालुक्यातलं. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, त्यांतल्या एकावर कोरीव नक्षी. वय सुमारे पंचवीस हजार वर्षं. तो काळ प्लाइस्टोसीनचा. खानदेशात तेव्हा शहामृग होते! होलोसीन त्यानंतरचा, सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झालेला. त्याचा शेवटचा भाग मेघालयन, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीपासूनचा. मेघालयातल्या मावम्लुह गुहेवरून हे नाव २०१८ मध्ये मान्य झालं.

तेव्हा बाळा, पेपरात लिही: होलोसीन, आणि त्यातला मेघालयन.