पास आसा काय रे एखादो?

आपल्या ऐतिहासिक नाट्यगृहात येत्या महिन्याभरात तीन कार्यक्रम आहेत. तिठ्यावरचा फ्लेक्स तुम्ही पाहिलाच असेल. वर शुभेच्छुकांचे फोटो, मधे प्रमुख पाहुण्यांचा नमस्कार आणि अगदी खाली, बांबूला काथ्याने आवळलंय तिथे सुरकुतीत, कार्यक्रमाचं नाव आणि तारीख. एक कवितावाचन, एक नाट्यगीतांची मैफल आणि एक मुंबईच्या कंपनीचं विनोदी नाटक. कोकणी माणूस नाटकवेडा, हे जगजाहीर आहे. हे वेड पुढच्या पिढीपर्यंत पोचवायचं तर रसिकाने कसं वागावं, याची थोडी माहिती असलेली बरी. तेवढ्यासाठीच हा प्रपंच.

तिकीट काढू नका.

तिकीट काढणं म्हणजे गावात आपल्याला कोणी ओळखत नाही, अशी चारचौघांत कबुली देणं. प्लॅन उघडेल त्या दिवशी नाट्यगृहाच्या खिडकीवरून सहज म्हणून जावं, काचेखालच्या चौकटींच्या कागदावर लाल पेन्सिलीच्या किती फुल्या पडल्यात ते वाकून बघावं आणि आतल्या पोराला विचारावं, "कितपत बुकिंग?" त्याने तोंड वाकडं केलं की "लोकांना आवडच राहिली नाही" म्हणून हळहळावं आणि चालू पडावं. मग घरी येऊन फोनाफोनी. आयोजकाचा मेव्हणा, लाईटवाल्याचा भाऊ, स्मरणिकेला जाहिरात देणारा सोनार. "पास आसा काय रे एखादो?" एखादो म्हणजे चार, कारण घरातली तीन माणसं आणि शेजारच्या काकींना न्यायचं कबूल केलेलं असतं. मासळी बाजारात आपण सुरमईचे पैसे घासाघीस करून का होईना, मोजतोच. तिथे टोपलीसमोर उभं राहून कोणी पास मागत नाही. पण मासा निदान पोटात जातो. नाटक कुठे जातं?

पास मिळाले म्हणजे जायलाच हवं असं मात्र नाही. त्या रात्री मालिकेत लग्न असलं तर चारही खुर्च्या रिकाम्या सोडाव्यात. खिडकीवर त्या 'गेलेल्या' दिसतात आणि तिकीट मागायला आलेल्या एखाद्या शिक्षकाला "पुढल्या रांगा फुल्ल" म्हणून परत पाठवता येतं.

नाट्यगृहाचा अभिमान बाळगणं हे तर आपलं कर्तव्यच. त्यासाठी प्रयोग बघायची गरज नाही. मुंबईचे पाहुणे आले की त्यांना दिवसाउजेडी तिथे न्यावं, जांभ्याच्या भिंतीवर थाप मारावी आणि सांगावं, "इथे बालगंधर्व गायलेत." साल विचारलंच कोणी तर "पूर्वी" म्हणावं. बालगंधर्व जिथे गायले नाहीत असं जुनं नाट्यगृह मला महाराष्ट्रात अजून भेटायचं आहे. एवढं सांगून झालं की पाहुण्यांना लगेच बाहेर काढावं, नाहीतर त्यांना बाथरूमला जायचं असतं. स्त्रियांच्या बाथरूमची किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन जेवायला गेलेला असतो. छप्पर गळतं म्हणून कुरकुर करणारेही काही जण भेटतील. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला थोडा स्टेजवर पडला तर एवढं काय? दुरुस्तीचा निधी मंजूर झाल्याचाही एक फ्लेक्स लागला होता. हल्ली छपरावर जी ताडपत्री दिसते, ती बहुधा त्याचीच.

आता पहिला कार्यक्रम, कवितांचा. तो साहजिकच २७ फेब्रुवारीला आहे, कारण कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी जिवंत असते. फ्लेक्सवर वेळ सहाची आहे, तेव्हा घरातून साडेसहाला निघावं. घाई नको. समई पेटायला तेवढा वेळ लागतोच. वातींनी तेल प्यायलेलं नसतं, पाहुण्यांच्या हातातली मेणबत्ती फॅनच्या वाऱ्याने विझते, मागून कोणीतरी "फॅन बंद कर रे!" ओरडतो, फॅनऐवजी माईक बंद होतो, आणि हे सगळं निस्तरेपर्यंत फोटोग्राफर पाहुण्यांना विझलेल्या मेणबत्तीसकट हसायला लावतो. मग शाल-श्रीफळ. घरच्या बागेत नारळ पडून असलेल्या माणसालाही स्टेजवर नारळ घेताना गहिवरून कसं येतं, हे बघण्यासारखं असतं. व्यासपीठावरच्या खुर्च्या समोरच्या प्रेक्षकांपेक्षा जास्त भरल्या की सोहळा यशस्वी झाला असं समजावं.

कार्यक्रम कोकणातल्या कवींवर आहे आणि आपल्याकडे कवींना तोटा नाही. केशवसुत मालगुंडचे, विंदा देवगड तालुक्यातले, पाडगावकर वेंगुर्ल्याचे, आरती प्रभूंची बागलांची राई तिथून जवळच. हे जन्मगाव-प्रकरण तोंडपाठ ठेवावं. कविता ठेवायची गरज नाही. केशवसुतांचं तर काम रेल्वेनेच सोपं करून ठेवलंय. दादर-सावंतवाडी गाडीला २०१७मध्ये त्यांच्या कवितेवरून तुतारी एक्स्प्रेस नाव दिलं. तेव्हापासून तुतारी म्हटली की आपल्याला आधी वेटिंग लिस्ट आठवते. स्टेजवर दोन खुर्च्या, एक स्टँड आणि एक पिवळा लाईट एवढंच दिसलं की बाजूच्याला पुरेशा मोठ्या आवाजात विचारावं, "नुसतं वाचणारच आहेत?" पुढे निवेदक गंभीर आवाजात सांगेल, की आरती प्रभूंनी कुडाळात खानावळ चालवता चालवता कविता लिहिल्या. सभागृह शांत होईल. तेव्हा आपण काकींकडे वळून म्हणावं, "थंय माशे गावायचे काय?"

दुसऱ्या आठवड्यात नाट्यगीतं. इथे रसिकाची खरी कसोटी लागते, कारण झोप येते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात संगीत नाटकाचा जो प्रयोग केला, तो नाटकाच्या पहिल्या चार अंकांचाच होता, तरी लोक उठून गेले नाहीत. पुढे संगीत नाटकं रात्र रात्र चालायची आणि लोक पदांना वन्स मोअर घेऊन ती आणखी लांबवायचे. त्या लोकांना दुसरी कामं नसावीत. सावरकरांनी रत्नागिरीत स्थानबद्ध असताना संगीत नाटक लिहिलं आणि १९३१मध्ये दीनानाथ मंगेशकरांच्या कंपनीने ते रंगमंचावर आणलं, हेही निवेदक सांगेलच. आपण स्थानबद्ध नाही, त्यामुळे आपल्याला वेळ नसतो.

नाट्यगृहाचा जुना ऑर्गन त्या दिवशी कोपऱ्यातून बाहेर येईल. खाऱ्या हवेने पट्ट्या फुगलेल्या. एक पट्टी दाबली की दाबलेलीच राहते आणि तो एकच स्वर सगळ्या गाण्यात पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो. वादक बिचारा डाव्या हाताच्या नखाने ती पट्टी उचलत उजव्याने वाजवत असतो, खाली पायांनी भाता चालूच. गायिका त्याच्याकडे बघून हसते आणि पुढची तान घेते. (या दोघांना त्या रात्री काय मानधन मिळतं ते मला ठाऊक आहे. ते इथे लिहिलं तर उपरोध वाटणार नाही, म्हणून सोडून देतो.) तुम्ही तिकडे लक्ष देऊ नये. तान समेवर येण्याच्या किंचित आधी टाळी वाजवावी, म्हणजे तुम्हाला शेवट आधीच कळला होता हे सिद्ध होतं. तिसऱ्या पदानंतर चिठ्ठी पाठवावी, "काहीतरी हलकंफुलकं होऊ द्या." आणि मध्यंतरात रंगपटात शिरून, गायिका गरम पाण्याचा घोट घेत असताना, तिला आवर्जून सांगावं, "आमचो झील पण बरो गाता. कराओकेवर."

या सगळ्यात कोणी दशावताराचा विषय काढला तर तो ताबडतोब बदलावा. विषय अडचणीचा आहे. कारण जत्रांच्या हंगामात हेच आपण, याच पाठीच्या आणि मणक्याच्या तक्रारी घेऊन, देवळासमोर सतरंजीवर रात्रभर मांडी घालून बसलेलो असतो. तिथे खुर्ची नसते, एसी नसतो, नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाक. तोच सिंहासन, तोच पर्वत, दमलेल्या नटाला टेकायलाही तोच. नट पेटारा उघडून, बल्बखाली हातातल्या आरशात बघून स्वतःच तोंड रंगवतो. संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. संध्याकाळी कथा ठरते आणि रात्री राजा व राक्षस एकमेकांशी असं काही बोलतात, की राक्षसाने तालुक्यातल्या कालच्या भांडणाचा उल्लेख केव्हा केला ते राजालाही उशिरा कळतं. स्त्रीपार्टी करणारा पुरुष पदर सावरतो आणि पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसतात. खाजं संपतं, शेंगदाणे संपतात, पोरं मांडीवर झोपतात. उठत कोणीच नाही. पहाटे दहीकाला फुटेपर्यंत बसतात आणि पोर पेंगत असलं तर त्याला गदागदा हलवून उठवतात, "बघ, बघ, राक्षस इलो!"

तेव्हा "लोकांना आता नाटकाची आवड राहिली नाही" हे वाक्य जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बोलू नये. डोळे लाल असतात, लगेच पकडले जाता.

विनोदी नाटकाला मात्र गर्दी होणारच, कारण त्यात टीव्हीवरचा तो आहे. नाव आठवत नाही तो. विनोदाचं आपल्याला शिकवायला नको. १९८०मध्ये आलेल्या एका मालवणी नाटकाचे मच्छिंद्र कांबळींच्या नावावर पाच हजारांवर प्रयोग जमा झाले. गावातली मंडळी नाटक बसवताना काय घोळ घालतात, हाच त्याचा विषय. पोट धरून हसलो आपण. ते आपल्याबद्दल आहे असं कोणालाच वाटलं नाही.

प्रयोग रात्री साडेनऊचा आहे. सेटचा टेम्पो दुपारीच यायला हवा, पण तो मुंबई-गोवा महामार्गाने येणार. या रस्त्याचं चौपदरीकरण २०११पासून चालू आहे, त्यामुळे त्याचाही अंक संपायची वाट बघणं आलं. साडेनऊला पडदा गेला नाही तर तुम्ही स्वतः पावणेदहाला आलात हे विसरून शिट्ट्या माराव्यात. पडद्यामागे तेव्हा चार जण एका भिंतीला दरवाजा बसवत असतात आणि टीव्हीवरचा तो, सकाळपासून बसमध्ये बसून आलेला, विंगेत उभ्या उभ्या कोणाच्या तरी डब्यातली भाकरी खात असतो. तिसरी घंटा झाली की लहान मुलाला वेफर्सचं पाकीट फोडून द्यावं. फोन सायलेंटवर ठेवू नये, कारण गावात कोण कधी आजारी पडेल सांगता येत नाही. वाजलाच तर उचलून हळू आवाजात म्हणावं, "नाटकात आहे. नाही नाही, बोल." यूट्यूबवर तुकडे पाहिले असतील तर विनोद येण्याआधी बायकोला सांगून ठेवावा. नट थबकेल, तुमच्याकडे बघेल आणि त्यावरच एखादा विनोद करेल. सगळं सभागृह हसेल. तुम्हीही हसा आणि मागे वळून बघा, कोणाला हसतायत ते.

मध्यंतर दहा मिनिटांचं आहे आणि बटाटेवडा तळायला बारा मिनिटं लागतात, हे गणित आजवर एकाही व्यवस्थापकाला सुटलेलं नाही. वडा सोडू नका. दुसरा अंक सुरू झाला तरी चटणीचं बोट पुसत, अंधारात लोकांच्या गुडघ्यांवरून आपल्या जागेवर जाता येतं. बाहेर चाललेलं मध्यंतरातलं प्रायोजकाचं भाषण मात्र चुकलं तरी चालेल. ते तिन्ही कार्यक्रमांत तेच आहे.

शेवटच्या प्रवेशाला उठावं. पार्किंगमधून गाडी आधी निघते. नट नमस्कारासाठी हात जोडून ओळीत उभे राहिलेले असताना सगळ्या सभागृहाच्या पाठी त्यांना दिसतात. ते आता सरावले आहेत. दारात कोणी विचारलं तर एकच अभिप्राय द्यावा, तो कवितेपासून विनोदापर्यंत कशालाही चालतो. "बरा होता, पण लांबला."

पुढे ५ नोव्हेंबरला, विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या सांगलीतल्या प्रयोगाची आठवण म्हणून, मोबाईलवर रंगभूमी दिनाचं स्टेटस ठेवायला विसरू नये. बाकी वर्षभर काही करायला नको.

हो, एक राहिलं. तिन्ही प्रयोग तोट्यात गेले, तर पुढल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता नाट्यगृह बचाव समितीची सभा ठरलेलीच आहे. ती तिथेच, नाट्यगृहात होते, आणि अशा सभेला बाल्कनीसुद्धा भरते. प्रवेश सर्वांना खुला आहे, पास लागत नाही. चहा आणि वडा आहे. या एका कार्यक्रमाला वेळेवर जा. दुसऱ्या फेरीला वडे पुरत नाहीत.