नवख्याला मारा, पण मग दोन मिनिटं थांबून शिकवा पण

मॉर्डहाउ हा तलवारबाजीचा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, आणि ज्यांनी दोन दिवस खेळून वैतागून अनइन्स्टॉल केलं त्यांच्यासाठी जास्त. लांबलंय, निवांत वाचा.

परवा रात्री ड्युएल सर्व्हरवर, म्हणजे जिथे एकास एक लढतात तिथे, एक लेव्हल तीनचा प्लेयर आला. समोर लेव्हल दीडशेच्या पुढचा एकजण. अकरा वेळा लागोपाठ मेला तो पोरगा आणि अकराही वेळा एकाच गोष्टीने, समोरचा तलवार उचलायचा, हा घाबरून पॅरी मारायचा, म्हणजे वार अडवायला जायचा, समोरचा वार अर्ध्यातच थांबवायचा आणि ह्याची पॅरी संपली की मग खरा वार. शेवटी त्या जुन्या प्लेयरने चॅटवर एक घाण शब्द टाकला आणि पोरगा सर्व्हर सोडून गेला. माझं दुसऱ्याशी चालू होतं, ते संपवून वळलो तोवर त्याचं नाव यादीत नव्हतं. दोन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये.

कारण त्याला फक्त एक वाक्य सांगायचं होतं. तलवार उठली की पॅरी मारू नकोस, सुटली की मार.

ज्यांनी हा प्रकार खेळला नाही त्यांना सांगतो. बंदुकीच्या गेममध्ये नेम धरला, ट्रिगर दाबला, विषय संपला. इथे क्लिक केल्यावर आधी हात मागे जातो, मग पातं सुटतं, आणि ते पातं खरोखर हवेतून प्रवास करतं, अंगाला जिथे आणि ज्या क्षणी टेकेल तो क्षण खरा. म्हणजे वार करताना तुम्ही स्वतः वाराच्या दिशेने गर्रकन वळलात की पातं लवकर पोचतं, उलट वळलात की उशिरा, आणि समोरच्याने पॅरी टाकली असेल तर ती पापणी लवेपर्यंत संपते. एकाच तलवारीचा एकच वार, पण कधी पोचवायचा ते तुमच्या हातात. त्यात फेंट आहे, म्हणजे वार अर्ध्यात रद्द करायचा. मॉर्फ आहे, म्हणजे आडवा वार दाखवून भोसकायचं. चेंबर आहे, म्हणजे समोरचा ज्या कोनातून येतोय त्याच कोनातून आपणही वेळ साधून वार करायचा की त्याचा अडतो आणि आपला चालू राहतो. ह्या सगळ्याला स्टॅमिना लागतो, आणि तो संपलेला असताना वार अडवायला गेलात की हातातलं शस्त्र उडून जमिनीवर.

आणि हे सगळं फर्स्ट पर्सनमध्ये, म्हणजे आपल्या पात्राच्याच डोळ्यांतून बघा, पाठीमागून बघायची थर्ड पर्सनची सोय आहे तरी. पाठीमागचं काही दिसत नाही, मागून कुणीतरी ओरडत येतोय एवढंच ऐकू येतं, आणि फ्रंटलाइन ह्या मोठ्या लढाईच्या मोडला चौसष्ट माणसं एकाच पुलावर घुसली की तेव्हा जी भीती वाटते ती मला दुसऱ्या कुठल्या गेमने दिली नाही.

माझी धाकटी बहीण शाळेपासून कबड्डी खेळते, कॉर्नरला. एकदा सुट्टीत मागे उभी राहून बघत होती आणि पाच मिनिटांत म्हणाली, दादा तू पात्याकडे काय बघतोयस, तो हूल देतोय, रेडर पण हेच करतो, हात कुठेही नेईल पण कंबर वळल्याशिवाय खरा येत नाही. मला तोवर फेंटला मराठीत काय म्हणायचं ते सुचलंच नव्हतं आणि शब्द आपल्या मैदानात केव्हाचा पडलेला. हूल! त्या दिवसापासून मी समोरच्याचं अंग बघायला लागलो, खांदा, पाय, तो आत येतोय का नुसताच हात हलवतोय, आणि निम्म्या हुली तरी ओळखू यायला लागल्या.

पण त्याआधी मला शिकवलं ते एका अनोळखी माणसाने. २०१९ ला गेम आल्यावर पहिले दहाबारा तास मी नुसता मरत होतो. तेव्हा ड्युएलमध्ये एकाने मला तीनदा मारलं आणि चौथ्यांदा मारायच्या ऐवजी थांबला. टाइप केलं, फक्त पॅरी कर, वार करू नको. मग तीच हूल वीसेक वेळा दाखवली, मध्येच एखादा खरा वार, चुकलो की परत पहिल्यापासून. अर्धा तास गेला त्याचा. तो कुठल्या देशातला ते मला आजही माहीत नाही, पण तो थांबला नसता तर मीही त्या पोरासारखाच गेलो असतो.

हा सगळा प्रकारच मुळात हौशी लोकांनी उभा केलाय हो. २००७ ला एज ऑफ शिव्हलरी हा तलवारबाजीचा गेम आला तो हाफ-लाइफ २ चा फुकट मॉड होता, म्हणजे हौशी लोकांनी त्या गेममध्ये बदल करून बनवलेला, त्यातूनच पुढे टॉर्न बॅनर स्टुडिओ आणि त्यांचा २०१२ चा शिव्हलरी गेम. मॉर्डहाउ स्लोव्हेनियातल्या छोट्याशा टीमने किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवून केला आणि काही आठवड्यांत दहा लाखांवर कॉपी गेल्या. नावसुद्धा जुन्या जर्मन तलवारबाजीतलं आहे. लोखंडी चिलखतावर धार चालत नाही, मग तलवार उलटी करून पातं दोन्ही हातांनी धरायचं आणि मुठीकडच्या बाजूने हातोड्यासारखी हाणायची, तो हा मॉर्डहाउ. टालहोफर ह्या जर्मन तलवारबाजाच्या १४६७ च्या हस्तलिखितात ह्याची चित्रं आहेत. गेममध्ये लाँगस्वॉर्ड घेऊन एक बटण दाबलं की पकड तशीच बदलते. आणि अशी हस्तलिखितं लिहिणारे लोक तलवारबाजी शिकवणारे उस्ताद होते. शिकवणं ह्या विद्येत पहिल्यापासून आहे.

म्हणून मला राग येतो जेव्हा जुने प्लेयर म्हणतात की स्किल नसेल तर खेळू नका. अरे, ट्युटोरियल बटणं सांगतं, हूल ओळखायला माणूसच लागतो समोर. सर्व्हर ओस पडत चाललेत म्हणून रडायचं आणि जो नवा येतोय त्याला अकरा वेळा मारून शिवी द्यायची, हे मला पटत नाही. जिंका की, मीही सोडून देत नाही कुणाला, सोडून देणं हा पण समोरच्याचा अपमानच. फक्त मारल्यावर सांगा कशाने मेलास. तेवढं टाइप करायला दहा सेकंद लागतात.

मी स्वतः आता शनिवारी रात्री दहानंतर ड्युएल सर्व्हरवरच असतो, झ्वायहँडर ही दोन हातांची लांब तलवार घेऊन, बहुतेक वेळा कडेला उभा. लेव्हल दिसली की नवा कोण ते कळतंच. समोर येऊन तलवार वर करा, मी आधी फक्त पॅरीच करायला लावणार आहे. आणि तो लेव्हल तीनवाला पोरगा मराठी असेल आणि हे वाचत असेल तर बाबा, ये परत.