व्हेलची उलटी, किलोला कोटी आणि गरम सुई

गेली काही वर्षं एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर फिरतो आहे. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: 'व्हेल मासा उलटी करतो. ती घट्ट होऊन दगडासारखी किनाऱ्याला लागते. आपल्या कोकणात व्हेल येतात, त्यामुळे डोळे उघडे ठेवा. गरम सुई टोचा, वितळली तर अस्सल. किलोला एक ते दोन कोटी भाव. सापडली तर तुमचं नशीब उघडलं.' सोबत राखाडी ढेकळाचा फोटो. तरंगतं सोनं वगैरे विशेषणं असतातच. वस्तू खरी आहे आणि मौल्यवानही आहे, म्हणून तर बाकीच्या थापा खपतात.

पहिली थाप उलटीची. हा अत्तरात वापरला जाणारा पदार्थ, म्हणजे अंबर (इंग्रजीत अंबरग्रीस), स्पर्म व्हेल या जातीच्या पोटात नाही, आतड्यात तयार होतो. स्पर्म व्हेल हजार मीटर आणि त्याहून खोल बुड्या मारतो आणि मुख्यतः स्क्विड खातो. स्क्विड म्हणजे आपल्या मासळीबाजारात वाट्यावर मिळतं ते माकूल, फक्त याच्या वाट्याला येणारी कितीतरी मोठी. माकूल घरी साफ केलं असेल त्यांना ठाऊक असेल, पायांचा झुबका उलटा केला की मधोमध काळी, टणक, पोपटासारखी चोच हाताला लागते. आपण ती उपटून टाकतो. व्हेलला ती सोय नाही. चोच पचत नाही, पोटात साठत जाते आणि अधूनमधून व्हेल तो ढीग ओकून टाकतो. म्हणजे व्हेलची उलटी असते, पण ती चोचींची, आणि तिला कुणी चार आणे देणार नाही.

काही चोची मात्र ओकल्या न जाता पुढे आतड्यात सरकतात. तिथे त्यांच्याभोवती मेणचट पदार्थाचे थर बसत जातात आणि गोळा तयार होतो. हे शंभरातल्या एखाद्याच स्पर्म व्हेलच्या बाबतीत घडतं असा अंदाज आहे. हा गोळा विष्ठेच्या वाटेने बाहेर पडतो किंवा व्हेल मेल्यावर कलेवरातून सुटतो, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ताजा गोळा काळा, मऊ असतो आणि त्याला शेणासारखा वास येतो. वर्षानुवर्षं खारं पाणी आणि ऊन खाल्ल्यावर तो राखाडी होतो आणि सुगंधी द्रव्यवाल्यांना हवा तो वास धरतो.

2023 मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा इथे एक मेलेला स्पर्म व्हेल किनाऱ्याला लागला. लास पाल्मास विद्यापीठाच्या अंतोनियो फर्नांदेझ यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा मोठ्या आतड्यात साडेनऊ किलोचा गोळा सापडला. त्या गोळ्यानेच आतड्याला इजा होऊन, विष अंगात भिनून तो प्राणी दगावला होता. ज्याला आपण लॉटरी म्हणतो तो व्हेलचा जीवघेणा आजारही असू शकतो.

आता 'आपल्याकडे व्हेल येतात'. येतात, यात शंका नाही. जानेवारी 2016 मध्ये जुहूच्या वाळूत मेलेला व्हेल आला होता, नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू अडकलं आणि त्याला खोल पाण्यात नेण्यासाठी अख्खं गाव राबलं. पण जुहूचा ब्रायडीज व्हेल होता आणि गणपतीपुळ्याचं पिल्लूही तोंडात दातांऐवजी झालर असणाऱ्या जातकुळीतलं. हे व्हेल पाणी गाळून बारीक मासळी आणि कोळंबीसारखे जीव खातात. यांच्यापासून अंबर मिळत नाही. डॉल्फिनपासून तर नाहीच, तरी दापोली-मालवणच्या डॉल्फिन सफरीत 'भाऊ, याची उलटी मिळते का?' असं विचारणारे पर्यटक असतात म्हणे!

स्पर्म व्हेलला खोल समुद्र लागतो आणि मुंबईसमोर तो फार लांब आहे. बॉम्बे हायचे तेलाचे फलाट किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर आहेत आणि तिथेही पाणी जेमतेम 75 मीटर. अंबर तरंगत लांबून येऊ शकतं, हे मान्य. पण किनाऱ्याजवळ व्हेल दिसला म्हणून ते जवळपास पडलं असेल, हा हिशेब चुकतो.

मग किनाऱ्यावर ढेकळं सापडतात ती कसली? बहुतेक वेळा डांबराची. जहाजांनी आणि तेलवाहू नौकांनी समुद्रात सोडलेलं तेल लाटांमध्ये घट्ट होतं आणि मे-जूनपासून वारं फिरलं की गोव्यापासून कोकणापर्यंत त्याचे काळे गोळे वाळूवर येऊन पडतात. शिवाय पॅराफिन मेणाची ढेपं असतात, गोठलेली चरबी असते. गरम सुईची परीक्षा इथेच आपटते. अंबर साधारण साठ-पासष्ट अंशांना वितळतं, पॅराफिन मेणही त्याच सुमारास आणि डांबरही गरम सुईला दाद देतंच. सुई लावून कळतं ते इतकंच, की वस्तू मेणचट आहे. पाण्यावर तरंगणं हा दुसरा 'पुरावा' सांगतात. मेण आणि चरबीही तरंगतेच. खात्री प्रयोगशाळेतच होते.

किमतीचं गणित मात्र सविस्तर करायला हवं, कारण माणसं फसतात ती इथे. 2021 मध्ये येमेनच्या पस्तीस मच्छीमारांना एडनच्या आखातात तरंगणाऱ्या स्पर्म व्हेलच्या कलेवरात 127 किलो अंबर सापडलं आणि ते सुमारे 15 लाख डॉलरला गेलं. हीच बातमी आपल्याकडच्या मेसेजची आजी असावी. तेव्हाच्या भावाने हे होतात साधारण अकरा कोटी रुपये. भागा 127 ने. किलोला पावणेनऊ लाखांच्या आसपास. ला पाल्माच्या गोळ्याची किंमत पाच लाख युरो धरली गेली, म्हणजे किलोला सत्तेचाळीस लाखांच्या घरात, आणि तोही विक्रीचा आकडा नव्हे, अंदाज. दर्जानुसार भाव एवढा खाली-वर होतो. सरसकट 'किलोला कोटी' कुठून आलं? 'आंतरराष्ट्रीय बाजारात किंमत अमुक कोटी' ही ओळ आपण वाचतो ती पोलिसी कारवाईच्या बातमीत, मुद्देमालाच्या वर्णनात. तो कुणी मोजलेल्या पैशांचा आकडा नसतो.

त्यात अत्तरधंद्याची गरजही पूर्वीइतकी राहिलेली नाही. क्लॅरी सेज नावाच्या, आपल्या तुळशीच्याच कुळातल्या झाडापासून अंबराच्या गंधाचा मुख्य रेणू कारखान्यात बनवता येतो आणि अंब्रॉक्सन या नावाने तो कित्येक परफ्यूममध्ये असतो.

राहिलं 'सापडलं तर तुमचं'. ब्रिटन, न्यूझीलंडमध्ये किनाऱ्यावर सापडलेलं अंबर विकता येतं. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तिथला व्हिडिओ पाहिला. भारतात स्पर्म व्हेलला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चं संरक्षण आहे आणि त्याच्यापासून मिळालेल्या वस्तूचा व्यापार गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि दंड. नैसर्गिकरीत्या बाहेर पडलेल्या गोष्टीवर बंदी कशाला, असा युक्तिवाद होतो आणि मला तो अगदीच फालतू वाटत नाही. पण वाहून आलेला गोळा आणि व्हेल मारून काढलेला गोळा यांत फरक ओळखायचा कसा, याचं उत्तर त्या युक्तिवादात नाही. शिवाय आपला माल घ्यायला येणारं गिऱ्हाईक कोण असतं, तेही बातम्यांत वाचा: 'बनावट गिऱ्हाईक पाठवून सापळा रचला'. नाहीतर मग खरा ठग, जो आगाऊ पैसे घेऊन मेणाची ढेप गळ्यात मारतो.

तेव्हा संशयास्पद गोळा दिसलाच तर पिशवीत घालून घरी नेऊ नका. हातात आलाच असेल तर कायद्याप्रमाणे 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. महाराष्ट्रात वन विभागाचा 1926 हा हेल्पलाइन नंबर आहे. आणि गोळा डांबराचा निघाला, जो बहुतेकदा निघतोच, तर हाताला खोबरेल तेल चोळा, साबणाने ते जात नाही.