मंगळवार बंद करण्याआधी एकत्र बसा

आज दुपारी व्हॉट्सॲपवर मेसेज आला. "निधीअभावी मंगळवारचे थेरपी केंद्र पुढील सूचनेपर्यंत बंद." एवढंच. आधी कुणी बोललं नाही, कुणी विचारलं नाही. तासाभराने त्याच ग्रुपवर पंचायतीचे फोटो पडले, दिव्यांग निधीतून चेकवाटपाचे. तेव्हापासून डोकं तापलंय. लांब लिहिणार आहे, पण वाचा.

तालुक्यातली एक छोटी संस्था दर मंगळवारी आमच्या पंचायतीच्या वरच्या हॉलमध्ये फिजिओथेरपिस्ट पाठवायची. आजूबाजूच्या गावांतली मुलं यायची. आमच्या वाडीतला एक मुलगा आहे, सेरेब्रल पाल्सी असलेला. आईच्या कडेवरून पहिल्यांदा आला तेव्हा मान धरत नव्हता. आता भिंतीला टेकून बसतो, जाड मुठीचा चमचा स्वतः तोंडापर्यंत नेतो. अर्धी पेज सांडते. सांडू दे! ती स्वतःच्या हाताने सांडतोय तो. मेसेज वाचून त्याच्या आईचा फोन आला, "बाई, आता माझ्या झिलाक कोण बघतला?" काय सांगू तिला? ओरोसला जिल्हा रुग्णालयात जा म्हणू? आमच्या देवगडच्या टोकाकडून त्या पोराला घेऊन एसटी बदलत जायचं म्हणजे सगळा दिवस गेला आणि तिची त्या दिवसाची मजुरीही गेली.

संस्थेचं अनुदान आधी उशिरा यायला लागलं, मग कमी झालं, यंदा आलंच नाही. वरून पैसा आटलाय, तो काही आपल्या गावातून सुटणारा प्रश्न नाही. कोकणाला तर त्याची झळ दुप्पट बसते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली होती. बराचसा निधी डोकी मोजून ठरतो, आणि धडधाकट डोकी मुंबईला. मागे उरतात म्हातारी आणि आजारी माणसं, ज्यांना खर्च जास्त. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायचा पैसा म्हणाल, तर कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच आहे. आमच्या परिसरात आंबा आहे, कंपनी कुठाय?

पण जे गावात आहे त्याचं काय? प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचेच असतात. पूर्वी ३ होते, २०१६ च्या कायद्यानंतर ५ झाले. हा पैसा एकेकाला वाटता येतो तसा सामूहिक कामालाही वापरता येतो. समजा एका गावचं घरपट्टी वगैरे धरून उत्पन्न ६ लाख. त्याचे ५ टक्के म्हणजे ३० हजार. पंधरा जणांत वाटले की हातात दोन हजार, एक फोटो, विषय संपला. त्याऐवजी पाच गावांनी त्यातले अर्धे, पंधरा-पंधरा हजार, एकत्र केले तर ७५ हजार होतात. थेरपिस्टच्या एका फेरीचे दीड हजार धरा. वर्षाचे ५० मंगळवार निघाले! हॉल पंचायतीचा, लाइट पंचायतीची, कुठल्या घरात कोण आहे ते आशाताईंना तोंडपाठ. हे गणित इतकी वर्षं एका टेबलावर कुणीच का मांडलं नाही?

दोन हजारांची कुणाला गरज नाही असं मी म्हणत नाही. एकट्या राहणाऱ्या अधू म्हातारीला औषधाला तेवढेच होतात. म्हणून तर अर्धेच म्हणतेय.

संस्थेवरही राग आहे माझा. अनुदान अडकलंय हे त्यांना कधीपासून माहीत होतं. पंचायतीचं अंदाजपत्रक बनत होतं तेव्हा हिशोबाची वही घेऊन का नाही आलात? पैसे संपलेत म्हटलं की देणगीदार बिचकतात, हे कळतं मला. पण पंचायतीसमोर कसली लाज? तुम्ही त्यांचंच काम करताय. तसं पंचायतीनेही तुम्हाला निवेदनं घेऊन येणारे म्हणून बाहेरच्या बाकावर बसवून ठेवणं बंद करायला हवं. कपात होणार अशी कुणकुण लागली की त्याच आठवड्यात दोघांनी आपापला जमाखर्च उघडा करून बसायचं. काय चालू ठेवायचं, काय थोडं कमी करायचं, कशाला हात लावायचा नाही, हे ठरवून ग्रामसभेत सांगायचं. त्या आईला ते मेसेजवरून कळता कामा नये.

आणि कमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच, फिजिओताईंनी सेवाभावाने फुकट यावं. कृपा करून नको. ती मुलगी पावसात कणकवलीहून स्कूटरवर येते, तिचं मानधन आधीच थकलंय. लोकसहभाग म्हणजे सगळ्यात कमी पगार असलेल्या बाईने आणखी सोडून द्यायचं, असं चालणार नाही.

आमच्या ग्रामसेवकांवर मघाशी फार चिडले होते. त्यांच्याकडे दुसऱ्या गावाचाही कारभार आहे, शिवाय रोज एक नवीन ऑनलाइन माहिती भरायची. चेक वाटले की खर्च दिसतो, वरून विचारणा होत नाही. पाच गावांचा एकत्र ठराव करायचा तर पाच सह्या, पाच मासिक सभा, आणि उद्या ऑडिटमध्ये शंका निघाली तर उत्तर त्यांनाच द्यायचं. माणूस वाईट नाही. त्याच्या पाठीशी पंचायत समितीने लेखी उभं राहायला हवं. आणि जिल्हा परिषदेलाही ५ टक्क्यांचा तोच नियम लागू आहे, कमी पडेल ते तिथून मागता येईल.

एकत्र येणं आपल्याला जमत नाही असंही नाही. दिवाळीनंतर व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, पाणी अडवायला वनराई बंधारे घालतो तेव्हा दुकानदार सिमेंटच्या रिकाम्या गोणी देतात, पंचायत दिवस ठरवते, शाळेची मुलं आणि बायका माती भरतात. गेल्या बंधाऱ्याला त्या मुलाचा बापही दिवसभर गोणी उचलत होता. गावाच्या पाण्यासाठी तो आला. त्याच्या पोरासाठी गाव कधी येणार?

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. शेजारच्या गावांतल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडेही त्याच दिवशी मांडा, म्हणजे ठराव एकदम होतील. गावच्या मुंबई मंडळातल्यांनो, गणपतीला याल तेव्हा देवळाच्या सभामंडपाच्या वर्गणीबरोबर हाही विषय बैठकीत घ्या. सभामंडप नको असं म्हणत नाहीये, तो तुमच्या श्रद्धेचा पैसा आहे.

आणि कुणाच्या भागात चार-पाच पंचायतींनी मिळून असा खर्च केला असेल तर त्या ठरावाची नक्कल मला हवी आहे. मोबाइलवर फोटो काढून पाठवलात तरी चालेल, पण १५ ऑगस्टच्या आत पाठवा.